जुन्या स्टीरिओ स्पीकरांची पार्श्वभूमी

1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घरात दमदार खर्ज ऐकायचा, तर स्पीकरचे खोके मोठेच लागे. पॉल क्लिप्श यांचा 1946 चा क्लिप्शहॉर्न तर खोलीचा कोपराच बळकावून बसे, कारण त्या कोपऱ्याच्या दोन भिंती त्याच्या भोंग्याचाच शेवटचा भाग म्हणून काम करत. असे एक धूड घरात कसेबसे मावायचे. पण 1958 मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाऐवजी दोन स्पीकर लागू लागले.

कल्पना म्हणून स्टीरिओ तेव्हा नवा नव्हता. ईएमआयमध्ये काम करणाऱ्या ॲलन ब्लुमलाइन यांनी 1931 मध्येच त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे, हेही त्यात होते. बाजाराने त्यांना गाठायला पाव शतक घेतले.

दरम्यान खोके लहान करण्याचा मार्ग सापडला होता. तो एडगर व्हिल्चर यांचा. तोवर वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाचा, कोन (शंकूच्या आकाराचा पडदा) मागेपुढे हलून पुन्हा जागेवर यावा, यासाठी त्याची टांगणी, म्हणजे त्याला धरून ठेवणारा लवचीक भाग, ताठ ठेवत. आवाज वाढला, कोन जास्त हलू लागला, की ही टांगणी सम प्रमाणात ताणली जात नसे आणि खर्ज फाटे. व्हिल्चर यांनी टांगणी मुद्दाम ढिली केली, खोके हवाबंद केले आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. हवेची ही स्प्रिंग धातूच्या वा कापडाच्या टांगणीपेक्षा कितीतरी सम वागते. हेन्री क्लॉस यांच्यासोबत त्यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात अकूस्टिक रिसर्च (एआर) ही कंपनी काढली आणि एआर-1 हा स्पीकर आणला. 1958 च्या एआर-3 मध्ये मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी घुमटाकार पडदे आले. आजच्या बहुतेक घरगुती स्पीकरांत दिसणारा छोटा घुमट त्याच वाटेने आला आहे. वेळही अचूक साधली: फडताळात बसणारी दोन खोकी हवी होती आणि ती तयार होती.

याची किंमत मोजावी लागलीच. क्लॉस पुढे केएलएच या दुसऱ्या स्पीकर कंपनीत गेले. तिथले त्यांचे भागीदार जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: खोल खर्ज, लहान खोके आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, यांतली दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. एआरने तिसरी सोडली. त्यामुळे क्लिप्शहॉर्न ज्या चिमुकल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर खोली दणाणून सोडतो, त्यावर एआर-3 मलूल वाटतो. जुन्या स्पीकरवर ‘आवाजच नाही’ असा शिक्का मारण्याआधी त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर बघावा.

इंग्लंडमधल्या पीटर वॉकर यांनी खोक्याचाच प्रश्न निकालात काढला. 1957 च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये खोके नाही, कोनही नाही. सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला विद्युतभारित पातळ पडदा हलतो, बस्स. माणसाचा गळा त्यावर इतका खरा उमटतो, की त्याचा बेताचा खर्ज माफ करावासा वाटतो. 1970 च्या दशकात बीबीसीने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अरुंद जागेसाठी एलएस3/5ए हा छोटा स्पीकर घडवला. उंची जेमतेम 30 सेंटीमीटर. खोल खर्ज त्यात मावणारच नव्हता, म्हणून त्याच्या थोडा वरचा स्वरांचा पट्टा हलकेच उचललेला, म्हणजे किंचित मोठा केलेला, आहे. कानाला भरीवपणाचा भास होतो, आणि ही लबाडी मला फार आवडते.

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात वूफर आणि खोक्याचे नाते गणितात बसवले. खर्ज वाढावा म्हणून अंदाजाने भोक पाडलेली खोकी त्यानंतर मागे पडत गेली.

आज हे स्पीकर बाळगणाऱ्याची खरी गाठ पडते ती त्यांतल्या सामानाशी. कोबाल्ट घातलेल्या अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांचे गोडवे बरेच गायले जातात. ते मागे पडले याला मोठे कारण कोबाल्टचे: 1978 मध्ये झाइरच्या (आजच्या काँगोच्या) शाबा प्रांतातल्या लढाईने कोबाल्टचा भाव भडकला आणि उत्पादक फेराइट या स्वस्त चुंबकाकडे वळले. मी मात्र चुंबकाआधी कोनची किनार तपासेन. अनेक उत्पादकांनी ती पॉलियुरेथेन फोमची केली. फोम हलका, स्वस्त आणि आवाजालाही चांगला, पण दमट हवेत दहा-वीस वर्षांत तो चिकट होऊन बोटाखाली भुगा होतो. रबरी आणि कापडी किनारी बऱ्याच टिकल्या. कापडावरचा लेप विरला तर मात्र हवा झिरपते आणि व्हिल्चर यांच्या पद्धतीतली स्प्रिंगच सैल पडते.

खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून वाटणाऱ्या मंडलातले, म्हणजे क्रॉसओव्हरमधले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही (विद्युतभार साठवणारे भाग) काळानुसार आपले मूल्य बदलतात, आणि जोडीतल्या दोन्ही खोक्यांत सारखेच बदलतील असे नाही. मग मधोमध उभा असायला हवा तो गायक एका बाजूला सरकतो किंवा पसरट होतो. म्हणून दुरुस्ती करताना किनार असो वा कपॅसिटर, तो दोन्ही खोक्यांत एकदमच बदलतात, आणि एलएस3/5ए घेणारे जाणकार दोन्हींच्या पाठीवरचे अनुक्रमांक आधी ताडून पाहतात.