पेप्टाइड अभिकल्प, संगणकीय (कर्करोगविरोधी)

कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या, त्यांची वाढ रोखणाऱ्या किंवा औषध नेमके त्यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या लहान ॲमिनो आम्ल-साखळ्या संगणकावर आखण्याची आणि त्यांतून प्रत्यक्ष बनवण्याजोग्या मोजक्या साखळ्या निवडण्याची पद्धत. पेप्टाइडात साधारणपणे 2 ते 50 ॲमिनो आम्ले असतात. निसर्गातील 20 ॲमिनो आम्लांपासून केवळ 10 घटकांच्या साखळ्या आखायच्या म्हटल्या तरी 10 लाख कोटींहून अधिक होतात. सगळ्या बनवून तपासणे अशक्य असल्याने चाळणीचे काम संगणकाकडे येते. ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक, लिनक्स आणि मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होत असल्याने सातारा, कराड, सांगली, मिरज येथील विज्ञान व औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्याही ते आवाक्यात आहे.

पेप्टाइडे कर्करोगावर वापरात आहेतच. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड (9 ॲमिनो आम्ले) अमेरिकेत 1985 मध्ये मान्य झाले. शरीरातील सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. त्याच्यावरून बेतलेले 8 ॲमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड सुमारे दीड तास टिकते. दोन्ही औषधांत उजव्या-डाव्या रूपांपैकी निसर्गात प्रथिनांत न आढळणारी, म्हणजे डी-रूपातील ॲमिनो आम्ले घातलेली आहेत. विकरांना ती सहज तोडता येत नाहीत. रचना आखताना हा धडा पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावा लागतो.

लक्ष्याची निवड. लक्ष्य म्हणजे पेप्टाइडाने ज्याला चिकटायचे ते प्रथिन. सगळ्यात जास्त विचार इथे करावा, कारण इथली चूक पुढे कोणत्याही गणिताने भरून निघत नाही. बरेच प्रकल्प पी53 आणि एमडीएम2 या प्रथिनांच्या जोडीने सुरू होतात. पी53 पेशीची बेबंद वाढ रोखते. एमडीएम2 त्याला धरून नष्ट करवते. या जोडीची त्रिमितीय रचना 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. पी53 मधील फेनिलॲलॅनिन-19, ट्रिप्टोफॅन-23 आणि ल्युसिन-26 ही तीन ॲमिनो आम्ले एमडीएम2 च्या खाचेत बसतात. त्या खाचेत आधीच जाऊन बसणारे पेप्टाइड आखले, की पी53 सुटते. अभ्यासासाठी हे उदाहरण उत्तम आहे. पण तंबाखू, मावा, गुटखा किंवा दातांना लावायची मिश्री यांमुळे होणारा तोंडाचा कर्करोग नजरेसमोर असेल, तर ते बहुधा गैरलागू ठरते. या कर्करोगात पी53 चे जनुकच अनेकदा बिघडलेले असते, त्यामुळे एमडीएम2 च्या तावडीतून सुटते ते निकामी प्रथिन. अशा वेळी पेशीच्या पृष्ठभागावर प्रमाणाबाहेर वाढलेला, वाढीचा संदेश घेणारा ईजीएफआर हा ग्राही अधिक सयुक्तिक. त्याला चिकटणारे जीई11 हे 12 ॲमिनो आम्लांचे पेप्टाइड 2005 मध्ये प्रसिद्ध झाले असून नव्या रचनांची तुलना त्याच्याशी करता येते. ज्या रुग्णांसाठी औषध शोधायचे, त्यांच्या गाठीत ते लक्ष्य आहे का आणि शाबूत आहे का, हे आधी पाहावे.

दुसरा मार्ग पेशीपटल फोडण्याचा. कर्करोगाच्या पेशीच्या बाहेरील बाजूस फॉस्फॅटिडिलसेरीन व सियालिक आम्ल हे ऋणभारित घटक वाढल्याने तिथे ऋण भार जास्त असतो. लायसिन-आर्जिनिनयुक्त धनभारित पेप्टाइड तिकडे ओढले जाते आणि जलविरोधी बाजूने पटलात घुसते. महाबळेश्वर परिसरातील मधपाळांना परिचित असलेली डंखाची आग मुख्यतः ज्यामुळे होते, ते मेलिटिन हे 26 ॲमिनो आम्लांचे पेप्टाइड याच प्रकारातले. ते कर्करोगाच्या पेशी फोडते, पण तांबड्या पेशीही फोडते. या गटातील बहुतेक रचना याच अडचणीपाशी थांबतात.

आखणी. लक्ष्याची रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या खुल्या संग्रहातून घेतात. पाणी व अनावश्यक रेणू काढून, रचनेत राहून गेलेले अणू भरून, 7.4 सामूवर हायड्रोजन बसवतात. हिस्टिडीनवर हायड्रोजन कोठे आहे हे हाताने तपासणे भाग असते. त्यानंतर ज्ञात पेप्टाइडातील एकेक ॲमिनो आम्ल बदलून ॲलॅनिन ठेवतात. बंध ढासळला तर ती जागा मोलाची. बाकीच्या जागा बदलायला मोकळ्या. पटल फोडणाऱ्या पेप्टाइडात +2 ते +9 भार आणि निम्म्याच्या आसपास जलविरोधी भाग ठेवण्याचा प्रघात आहे. सर्पिल रचनेत एका वेढ्यात 3.6 ॲमिनो आम्ले, म्हणजे प्रत्येकी 100 अंश. त्या हिशेबाने जलविरोधी ॲमिनो आम्ले एका बाजूला येतात का ते पाहतात. ॲस्परॅजिन-ग्लायसिन ही जोडी, टोकाचे ग्लुटामिन, मेथिओनिन आणि सुटे सिस्टीन टाळावे: साठवणीत किंवा द्रावणात ती बदलतात. शक्य असेल तेथे आरंभटोकाला ॲसिटिल आणि शेवटच्या टोकाला अमाइड गट लावतात. लक्ष्याला चिकटणाऱ्या पूर्णपणे नव्या साखळ्या आखण्यासाठी आरएफडिफ्युजन (2023) आणि प्रोटीनएमपीएनएन (2022) ही साधने आहेत. रचनेच्या अंदाजासाठी अल्फाफोल्ड.

चाळणी. संगणकीय जीवशास्त्रज्ञ जी. पी. एस. राघव यांच्या गटाने 2013 मध्ये अँटीसीपी (कर्करोगविरोधी गुणासाठी) व टॉक्सिनप्रेड (विषारीपणासाठी) ही भाकीतसाधने खुली केली. अँटीसीपीच्या दुसऱ्या आवृत्तीतील आकडे बोलके आहेत. कर्करोगविरोधी पेप्टाइडे यादृच्छिक पेप्टाइडांपासून वेगळी ओळखण्याची अचूकता सुमारे 92 टक्के, पण जंतुनाशक पेप्टाइडांपासून वेगळी ओळखताना ती सुमारे 75 टक्के. म्हणजे हे साधन पुष्कळदा ‘धनभारित सर्पिल’ एवढेच ओळखते. वरचा गुणांक मिळाला म्हणून पेप्टाइड कर्करोगविरोधी ठरत नाही.

डॉकिंग आणि रेणुगतिकी. डॉकिंग म्हणजे पेप्टाइड लक्ष्यावर कसे बसेल याचा संगणकीय अंदाज; रेणुगतिकी म्हणजे त्या जोडीच्या अणूंची काळानुसार होणारी हालचाल संगणकावर चालवून पाहणे. लहान औषधरेणूंसाठी बनवलेले ऑटोडॉक हे डॉकिंगचे सॉफ्टवेअर पेप्टाइडांवर दमते, कारण 12 ॲमिनो आम्लांच्या साखळीत फिरू शकणारे बंध फार असतात. फ्लेक्सपेपडॉक, हॅडॉक किंवा एचपेपडॉक वापरावे. प्रथम ज्ञात पेप्टाइड पुन्हा डॉक करून ते मूळ जागी सुमारे 2 अँगस्ट्रॉमच्या आत येते का ते तपासावे, आणि त्याच ॲमिनो आम्लांचा क्रम विस्कटून बनवलेले पेप्टाइडही डॉक करावे. विस्कटलेल्याला तेवढाच गुणांक मिळाला, तर पद्धत या लक्ष्यासाठी निरुपयोगी आहे.

पेप्टाइड व लक्ष्य यांच्या निवडलेल्या चार-पाच जोड्या ग्रोमॅक्स या रेणुगतिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याच्या पेटीत ठेवतात: कडेपासून किमान 1 नॅनोमीटर अंतर, 0.15 मोलर मीठ, 310 केल्व्हिन, 2 फेम्टोसेकंदांची पायरी. 100 नॅनोसेकंदांसाठी 5 कोटी पायऱ्या होतात. वेगवेगळ्या आरंभवेगांनी तीनदा चालवावे. एकाच फेरीचा आलेख योगायोग असू शकतो. वीज गेली तरी काम वाया जात नाही, कारण ग्रोमॅक्स वेगळे न सांगताही दर 15 मिनिटांनी स्थिती जतन करते आणि तिथून पुढे चालू करता येते. मात्र त्या फाइली घडोघडी दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात.

बनवणे व तपासणे. आर. बी. मेरिफील्ड यांनी 1963 मध्ये मांडलेल्या घन आधारावरील पद्धतीने पेप्टाइड बनते. मागवताना 95 टक्के शुद्धता आणि वस्तुमान-वर्णपटाचा दाखला मागावा. शुद्धता म्हणजे वजन नव्हे: पुडीत ट्रायफ्लुओरोॲसिटेट (बनवताना वापरलेल्या आम्लाचा अंश) आणि पाणीही असते, आणि प्रत्यक्ष पेप्टाइड 60 ते 80 टक्केच भरू शकते. 1,500 रेणुभाराचे 1.5 मिलिग्रॅम 1 मिलिलिटरमध्ये विरघळवले, की कागदावर 1 मिलिमोलर होते. पेप्टाइड 70 टक्के असेल तर खरे 0.7. हा आम्लाचा अंश पेशींवरही परिणाम करतो, म्हणून क्लोराइड किंवा ॲसिटेट लवण मागवणे बरे. धनभारित पेप्टाइड काचेला व पॉलिस्टायरीनला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापराव्यात.

पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात. एमटीटी या जिवंत पेशी रंगावरून मोजण्याच्या चाचणीत 96 कप्प्यांच्या थाळीत प्रत्येकी 5,000 ते 10,000 पेशी, 1 ते 100 मायक्रोमोलर मात्रा आणि 570 नॅनोमीटरवर वाचन ठेवतात. सोबत निरोगी पेशी, विस्कटलेले पेप्टाइड आणि तांबड्या पेशींची चाचणी असलीच पाहिजे. नुसता कर्करोगाच्या पेशींवरचा आकडा काहीच सांगत नाही. पेशी वाढवण्याच्या माध्यमातील सीरम (रक्ताचा प्रथिनयुक्त द्रवभाग) धनभारित पेप्टाइड बांधून ठेवते, त्यामुळे सीरमविना मिळालेला चांगला निकाल सीरमासह वारंवार कोसळतो. 37° से. तापमानाला सीरममध्ये ठेवून ठरावीक वेळांनी किती उरले तेही मोजतात. लायसिन किंवा आर्जिनिन यांच्यानंतर ट्रिप्सिन हे विकर साखळी तोडते, त्यामुळे नेमक्या याच गटात अडचण मोठी. तिथे डी-रूपातील ॲमिनो आम्ल घालून, साखळी वर्तुळाकार करून किंवा सर्पिलाला रासायनिक टाका घालून पुन्हा आखणी करतात.

एवढे सगळे जमूनही रुग्णांत अपयश येऊ शकते. इंटिग्रिन या पेशीपृष्ठावरील प्रथिनांवरचे सिलेंजिटाइड हे वर्तुळाकार पेप्टाइड काळजीपूर्वक आखलेले होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या कर्करोगावरील 545 रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत ते दिलेल्या आणि न दिलेल्या गटांचा मध्यक जीवितकाळ सारखाच, 26.3 महिने, निघाला.