पार्श्वभूमी : नॅसकारची ऑल-स्टार शर्यत आणि तिचे मागचे दार

अमेरिकेतल्या नॅसकार कप या मोटारशर्यतींच्या मालिकेत वर्षाला ३६ शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यतीचे गुण हंगामाच्या हिशेबात धरले जातात. मे महिन्यात मात्र एक शर्यत अशी येते, जिचा गुणतक्त्याशी काडीचाही संबंध नसतो. ती म्हणजे ऑल-स्टार शर्यत. जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळतात आणि गुण मात्र एकही नाही. २०२५ पर्यंत आदल्या किंवा चालू हंगामात शर्यत जिंकलेले ड्रायव्हर, शिवाय पूर्वी मालिका किंवा हीच शर्यत जिंकून अजूनही पूर्ण हंगाम धावणारे, यांना तिथे थेट प्रवेश असे. उरलेल्यांना आधी एक वेगळी, छोटी शर्यत धावावी लागे, तिला ओपन म्हणत. तिच्यातून मोजकेच जण पुढे जात.

बातम्यांत ओपनच्या वाट्याला दोन ओळी येत. मला मात्र या सोहळ्याचा जीव ओपनमध्येच होता असे वाटते, आणि या शर्यतीचा इतिहास नीट पाहिला तर तसे का वाटावे हेही कळते.

या इतिहासाची सुरुवात तंबाखूपासून होते. अमेरिकेत १९७१ च्या जानेवारीपासून रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. सिगारेट कंपन्यांकडे जाहिरातीचा पैसा पडून राहिला आणि तो खर्चायला जागा उरली नाही. त्याच सुमारास ज्युनियर जॉन्सन नावाचा माजी ड्रायव्हर आपल्या गाडीसाठी प्रायोजक शोधत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम शहरी आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीकडे गेला. त्याने मागितली रक्कम एका गाडीपुरती, कंपनीला मात्र त्याहून कितीतरी जास्त खर्चायचे होते. जॉन्सनने त्यांना सरळ नॅसकारची वाट दाखवली आणि १९७१ पासून अख्खी मालिकाच विन्स्टन सिगारेटच्या नावाने धावू लागली. हे नाव २००३ पर्यंत टिकले.

जॉन्सनबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण या खेळाची मुळे त्याच्या आयुष्यात दिसतात. तो नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ विल्क्स काउंटीचा. घरचा धंदा चोरटी दारू गाळण्याचा, आणि पोलिसांना चुकवत रात्री-अपरात्री ती गावोगाव पोचवणे हेच त्याचे ड्रायव्हिंगचे शिक्षण. दिसायला साधी, पण आतून इंजिन आणि स्प्रिंगा बदललेली गाडी हाकणारी अशी पोरे एकमेकांशी पैज लावू लागली, आणि स्टॉक कार शर्यतींना (म्हणजे नॅसकारसारख्या, रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींना) ड्रायव्हर व मेकॅनिक मिळाले ते बऱ्याच अंशी याच मंडळींतून. जॉन्सन १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि जवळजवळ वर्षभर तुरुंगात राहिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पुढे १९८६ मध्ये त्याला माफी दिली. ड्रायव्हर म्हणून त्याने ५० शर्यती जिंकल्या आणि संघमालक म्हणून सहा वेळा मालिका.

१९८५ साली सिगारेट कंपनीने दोन नव्या गोष्टी आणल्या. ठरावीक चार मोठ्या शर्यतींपैकी तीन जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर, ही एक. बिल एलियटने पहिल्याच वर्षी ते खिशात घातले. दुसरी गोष्ट म्हणजे ‘द विन्स्टन’ नावाची निव्वळ विजेत्यांची शर्यत. आधीच्या हंगामात शर्यत जिंकलेले १२ ड्रायव्हर, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळचा दीड मैलांचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, त्याचे ७० लॅप, म्हणजे फेरे, आणि पहिल्याला दोन लाख डॉलर.

ती पहिली शर्यत २५ मे १९८५ रोजी झाली. शेवटी शेवटी डॅरेल वॉल्ट्रिपने हॅरी गँटला मागे टाकले आणि अंतिम रेषेपाशीच त्याच्या गाडीचे इंजिन धूर ओकत फुटले. इंजिन आपोआप गेले की मुद्दाम घालवले, यावर जुने चाहते आजही वाद घालतात. गाडी ज्युनियर जॉन्सनची होती. ज्याच्यामुळे विन्स्टनचा पैसा या खेळात आला, त्याच्याच संघाने पहिली ‘विन्स्टन’ जिंकली. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर ६०० मैलांची मोठी शर्यत होती, तीही वॉल्ट्रिपनेच मारली.

पुढच्याच वर्षी ही कल्पना गाळात रुतायची वेळ आली. शर्यत अटलांटाला नेली आणि ती नेमकी मदर्स डेच्या रविवारी ठेवली. स्टँड ओस पडले. शिवाय मूळ अडचण उघडी पडली ती वेगळीच. १९८५ च्या अख्ख्या हंगामात शर्यत जिंकलेले वेगवेगळे ड्रायव्हर निघाले फक्त नऊ! दहावा म्हणून जेफ बोडाइनला बोलावून घ्यावे लागले. बिल एलियटने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकट्यानेच आघाडी सांभाळली. दहा गाड्या, त्यातली एक पुढे आणि बाकीच्या तिच्यामागे रांगेत, हे बघायला तिकीट कोण काढणार? फक्त विजेत्यांना बोलावले की मैदान रिकामे दिसते, हा धडा तिथे मिळाला.

१९८७ मध्ये शर्यत शार्लटला परतली आणि दोन बदल घेऊन आली. पहिला म्हणजे शर्यतीचे तुकडे पाडले : ७५ लॅप, मग ५०, आणि शेवटी फक्त दहा. आधी कितीही आघाडी घेतलेली असो, शेवटच्या दहा लॅपना सगळे पुन्हा एकमेकांना चिकटून सुटणार. त्याच वर्षी त्या दहा लॅपमध्ये डेल अर्नहार्ट आणि एलियट एकमेकांना भिडले. अर्नहार्टची गाडी सरळ पट्ट्यावरून गवतात उतरली, तशीच गवतातून सुसाट गेली आणि आघाडी न सोडता पुन्हा डांबरावर आली. हा प्रसंग ‘पास इन द ग्रास’, म्हणजे गवतातून ओलांडणे, या नावाने प्रसिद्ध झाला, पण त्यात कोणी कोणाला ओलांडले नव्हते.

दुसरा बदल ओपनचा होता. आदल्या वर्षी अटलांटालाही न जिंकलेल्यांसाठी एक शर्यत ठेवली होती, पण तिच्यातून पुढे जायला वाट नव्हती. आता ओपनच्या विजेत्याला मुख्य शर्यतीत जागा मिळू लागली. पुढे नियम बदलत गेले. कधी एक जण, कधी पहिले पाच, कधी ओपनच्या प्रत्येक टप्प्याचा विजेता. २०२५ पर्यंत दार मात्र बंद झाले नाही.

अर्थात मुख्य शर्यतीलाही तिचे मोठे क्षण मिळाले. १९८९ मध्ये शेवटच्या लॅपांत रस्टी वॉलेसने आघाडीवरच्या वॉल्ट्रिपला मागून ढकलून गरागरा फिरवले आणि पैसे नेले. मग पिट रोडवर, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या टायर बदलायला थांबतात तिथे, दोन्ही संघांची हाणामारी झाली. १९९२ मध्ये शार्लटच्या व्यवस्थापनाने एवढ्या मोठ्या ओव्हलवर दिवे लावले. हम्पी व्हीलर हे तिथले प्रमुख, आणि काहीतरी भव्य केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ताशी १७० मैलांनी वळणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेडाचा झोत येऊ नये, म्हणून खांबांऐवजी आरशांवरून परतवलेला उजेड ट्रॅकवर पाडण्याची व्यवस्था केली. त्या पहिल्याच रात्री शेवटच्या लॅपला अर्नहार्टची गाडी तिसऱ्या वळणावर फिरली, काइल पेटी आणि डेव्ही अ‍ॅलिसन जोडीने रेषेकडे धावले, अ‍ॅलिसन निसटत्या फरकाने जिंकला आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर होऊन त्याची गाडी भिंतीवर आपटली. विजेता बेशुद्ध होता. विजयाच्या फोटोऐवजी त्याला थेट हॉस्पिटलात न्यावे लागले. गुणांची भीती नसली की ड्रायव्हर कुठवर जातात, ते त्या रात्री सगळ्यांनी पाहिले.

आता मागच्या दाराकडे वळू. ओपनमधून येणाऱ्याचे गणित सोपे नसे. तो आधीच एक शर्यत धावून, घासून आलेला असे. गाडीचा पत्रा चेपलेला असेल तर दुरुस्तीला हाती असे तो थोडासा वेळ. मुख्य शर्यतीत त्याला जागा मिळे रांगेच्या शेपटाला. पुढे सगळे ताज्या गाड्यांतले विजेते. अशा माणसाने आत यावे, टाळ्या घ्याव्यात आणि मधल्या क्रमांकावर संपवावे, एवढीच अपेक्षा असे.

१९९६ मध्ये मायकल वॉल्ट्रिपने ती मोडली. हा डॅरेलचा धाकटा भाऊ. दहाएक वर्षे कप मालिकेत धावत होता आणि त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. वुड ब्रदर्स या जुन्या, छोट्या संघाच्या फोर्डमधून तो ओपन धावला आणि पाचवा आला. त्या वर्षी पहिल्या पाचांना प्रवेश होता, म्हणजे त्याला मिळाली ती शेवटची जागा. मुख्य शर्यतीच्या शेवटच्या दहा लॅपमध्ये अर्नहार्ट आणि टेरी लाबॉन्टी पहिल्या क्रमांकासाठी एकमेकांना रेटत ट्रॅकच्या वरच्या बाजूला सरकले. खाली एका गाडीपुरती मोकळी जागा पडली, वॉल्ट्रिप तिच्यातून निघून गेला आणि पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही. गुणांच्या शर्यतीतला पहिला विजय मिळायला त्याला २००१ उजाडले. तो आला डेटोना ५०० या शर्यतीत, आणि ती त्याची ४६३ वी शर्यत होती. तेव्हा तो अर्नहार्टच्याच संघात होता, आणि त्याच शर्यतीच्या शेवटच्या वळणावर अर्नहार्टचा अपघाती मृत्यू झाला. त्या विजयाबद्दल आजही कोणी मोकळ्या मनाने बोलू शकत नाही.

२००२ मध्ये रायन न्यूमन हा नवखा ड्रायव्हर प्राथमिक फेरीतूनच आत आला आणि जिंकला. मालिकेतला त्याचा पहिला विजय त्यानंतर, सप्टेंबरमध्ये आला. २००४ पासून आणखी एक वाट निघाली, प्रेक्षकांच्या मतांची. ओपनमध्ये अडकलेल्यांपैकी एकाला चाहते मत देऊन आत पाठवू लागले. हा लोकप्रियतेचा बाजार आहे अशी टीका झाली. २००८ मध्ये केसी केन ओपनमधून पात्र ठरला नाही, मतांवर आत गेला, आणि सगळ्यांना मागे टाकून दहा लाख डॉलर घेऊन गेला. आठवड्याभराने त्याच ट्रॅकवर ६०० मैलांची शर्यतही त्याने जिंकली. त्यानंतर टीका जरा मऊ झाली.

पात्रता फेरीचे आणखी एक रूप सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुख्य शर्यतीत कोण कुठून सुटणार हे एरवी एका वेगवान लॅपवर ठरते. इथे बरीच वर्षे तीन लॅप आणि मध्ये चारही टायर बदलण्याचा पिट स्टॉप, असा मिळून एकच वेळ धरला जायचा. काही वर्षे तर पिट रोडवरची वेगमर्यादाही उठवली होती. ड्रायव्हर भरधाव आत येऊन रंगवलेल्या चौकोनात गाडी उभी करायचा. जॅकवाला भिंतीवरून उडी मारून उजवी बाजू उचलायचा. टायरवाले प्रत्येक चाकाचे पाच नट काढायचे, नवे चाक बसवून पाच आवळायचे, मग तेच डाव्या बाजूला. एक नट सैल राहिला तरी वेळेत दंडाचे सेकंद वाढायचे. २०२२ च्या नव्या गाडीपासून चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो, त्यामुळे ते दृश्य पहिल्यासारखे राहिले नाही. पण ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत त्या पिटमधल्या माणसांवर सुरुवातीची जागा ठरावी, हे मला फार मोलाचे वाटते.

नॅसकारची दुसरी प्रदर्शनीय शर्यत ‘क्लॅश’ हिची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९७९ मध्ये डेटोनाला ती सुरू झाली तेव्हा आधीच्या वर्षी पोल, म्हणजे सगळ्यांत पुढे सुटण्याची जागा, मिळवलेल्यांनाच प्रवेश होता, २० लॅप आणि खेळ खलास. २०२२ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, हिरवळीच्या जागी तात्पुरता पाव मैलाचा डांबरी ट्रॅक घालून झाली. तिथे आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत गट, सेमी आणि फायनल असतात तशी रचना होती : २५-२५ लॅपच्या चार हीट, त्यात मागे राहिलेल्यांना दोन शेवटच्या संधी, आणि मग २३ गाड्यांची अंतिम शर्यत.

ऑल-स्टार शर्यतीने शार्लट सोडले ते २०२० मध्ये, करोनाच्या साथीच्या काळात. त्या वर्षी ती ब्रिस्टलला, नंतर दोन वर्षे टेक्सासला झाली. २०२३ मध्ये ती गेली नॉर्थ विल्क्सबरोला, म्हणजे ज्युनियर जॉन्सनच्या विल्क्स काउंटीतच. १९४७ पासूनचा हा पाऊण मैलाहूनही छोटा ट्रॅक. याचा समोरचा पट्टा उताराचा आणि मागचा चढाचा. १९९६ मध्ये इथली त्या काळातली शेवटची कप शर्यत झाली, ट्रॅक नव्या मालकांकडे गेला आणि त्यांनी त्याच्या तारखा टेक्सास व न्यू हॅम्पशायरला वळवल्या. पुढची पंचवीस वर्षे स्टँडच्या फटींतून झुडपे वाढत राहिली. साथीनंतरच्या सरकारी मदतनिधीतून राज्याने १.८ कोटी डॉलर दिले, तेव्हा हे ठिकाण पुन्हा उभे राहिले. जॉन्सन मात्र हे पाहायला नव्हता, तो २०१९ च्या डिसेंबरमध्ये वारला.

तिथली पहिली ऑल-स्टार शर्यत काइल लार्सनने जिंकली, २०० पैकी १४५ लॅप आघाडीवर राहून. ऑल-स्टारमधला त्याचा हा तिसरा विजय आणि तिन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर. दुसरा २०२१ मध्ये टेक्सासला होता. पहिला होता २०१९ चा शार्लटला, आणि त्या रात्री लार्सनला थेट प्रवेश नव्हता. ओपनचा शेवटचा दहा लॅपचा टप्पा जिंकून तो आत आला होता.