घरगुती लढाऊ रोबो

घरगुती लढाऊ रोबो : समोरच्या यंत्राला बंदिस्त आखाड्यात निकामी करण्यासाठी किंवा उलथवण्यासाठी हौशी माणसाने घरी, गॅरेजमध्ये वा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बांधलेले, दूरनियंत्रणाने चालणारे यंत्र. ‘रोबो’ हे नाव रूढ असले तरी यातली बहुतेक यंत्रे स्वतः काही ठरवत नाहीत. आखाड्याबाहेर उभा असलेला चालक त्यांना रेडिओवरून हाकतो. खेळाची रचना कुस्तीच्या जवळची आहे. वजनगट असतात, पंच असतात, सामना दोन किंवा तीन मिनिटांचा असतो आणि जागचे हलता न येणारा हरतो. प्रस्तुत नोंदीत गोव्याच्या हवेत आणि गोव्यातल्या साधनांनिशी असे यंत्र बांधण्याचा, त्याहून जास्त ते तपासण्याचा विचार केला आहे. रोबो जोडून होतो त्या दिवशी निम्मेच काम झालेले असते, आणि नवशिका हरतो तो बहुधा उरलेल्या निम्म्या कामात.

अशा झुंजींच्या पहिल्या नोंदींपैकी एक अमेरिकेतील डेन्व्हरची आहे. तिथे १९८७ मध्ये एका विज्ञानकथा संमेलनात ‘क्रिटर क्रंच’ या नावाने लहान यंत्रे लढवली गेली. १९९४ मध्ये मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोबोट वॉर्स’ भरवले. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९८ पासून त्याच नावाची मालिका दाखवली, तर अमेरिकेत २००० पासून ‘बॅटलबॉट्स’ दूरचित्रवाणीवर आले. या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग १९९५ चा. जेमी हाइनमन यांच्या ‘ब्लेंडो’ या यंत्राचे घुमटासारखे कवचच गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनाने गरगर फिरत असे. त्याने प्रतिस्पर्ध्याचे तुकडे आखाड्याच्या भिंतीवरून बाहेर उडवले आणि धोका ओळखून त्याला पुढे लढू दिले गेले नाही. आज फिरत्या शस्त्रांच्या सामन्यांना चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असलेला आखाडा लागतो, त्यामागे असे अनुभव आहेत. भारतात हा खेळ मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांतून वाढला. मुंबईच्या आयआयटीतील टेकफेस्ट या तंत्रमहोत्सवातले ‘रोबोवॉर्स’ हे त्याचे ठळक ठिकाण.

वजनगट साधारणतः १५० ग्रॅमपासून सुरू होतात आणि बॅटलबॉट्समध्ये २५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ११३ किलोपर्यंत जातात. भारतातल्या महाविद्यालयीन स्पर्धांत १५ आणि ६० किलोचे गट परिचित आहेत. ब्रिटिश नियमांनुसार १५० ग्रॅमच्या रोबोला चार इंची घनात मावावे लागते. घरी बांधणाऱ्याने याच गटापासून सुरुवात करावी आणि फार तर दीड किलोपर्यंत जावे. त्यापुढच्या यंत्राची चाचणी घरच्या आवारात सुरक्षितपणे घेणे अवघड होत जाते, आणि ६० किलोचे यंत्र तर संस्थेच्या पक्क्या आखाड्याशिवाय सुरूच करू नये.

गोव्यातली पार्श्वभूमी

गोव्यात या छंदाला लागणारे हात फार आधीपासून आहेत. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर उभे राहणारे नरकासुर आणि शिगम्याचे चित्ररथ यांत मान वळवणारे, हात उगारणारे, डोळे फिरवणारे देखावे गावातलीच मुले करतात. लोखंडी सांगाडा वेल्ड करणे, गाडीच्या वायपरची जुनी मोटार मिळवून तिला भुजा जोडणे, वजन कुठे पडते ते पाहून खाली आधार देणे हे सगळे शिक्षण तिथे मिळते, आणि ठरलेल्या रात्रीपर्यंत यंत्र चालू झालेच पाहिजे हा धाकही. लढाऊ रोबोला नेमके हेच लागते. त्याच्या जोडीला औपचारिक शिक्षण आहे : फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचे, बिट्स पिलानीचा झुआरीनगर येथील परिसर २००४ पासूनचा. राज्याच्या ‘केअर्स’ योजनेमुळे कोडिंग आणि रोबोटिक्स शाळेतही पोचले आहे. मात्र शाळेतला रोबो रेघेवरून चालतो, अडथळा चुकवतो. आदळून घेणे त्याला शिकवलेले नसते.

सामान जवळपासच मिळते. वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींमुळे लेथवाला किंवा पत्रा कापून देणारा शोधायला राज्याबाहेर जावे लागत नाही. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद भंगारात किलोवर मिळते आणि शस्त्राच्या दातांसाठी ते साध्या लोखंडापेक्षा पुष्कळ चांगले. चेसिससाठी स्वयंपाकघरातला पांढरा जाड प्लास्टिकचा कटिंग बोर्ड ही जगभरच्या हौशी लोकांची आवडती वस्तू आहे. तो हॅकसॉने कापता येतो, भोके सहज पडतात आणि तडाखा बसला की तो तडकत नाही, वाकतो. अॅक्रिलिक दिसायला देखणे असते, पण लढाईत काचेसारखे फुटते. ते वापरू नये.

शस्त्राचा हिशेब

रोबोची शस्त्रे अनेक तऱ्हेची. पुढे उतार असलेली नुसती पाचर, खाली शिरून उलथवणारी भुजा, हातोडा, चिमटा. तरीही लहान गटांत सर्वांत परिणामकारक शस्त्र म्हणजे गरगर फिरणारी तबकडी किंवा ड्रम. मोटार लहान असली तरी चालते, कारण ती काही सेकंद ऊर्जा साठवत जाते आणि एका क्षणात ती सगळी मोकळी होते.

दीड किलोच्या रोबोवर ३५० ग्रॅम वजनाची, ६ सेंटिमीटर त्रिज्येची भरीव तबकडी आहे असे धरू. ती मिनिटाला १०,००० फेरे घेऊ लागली की तिच्यात सुमारे ३४५ जूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन ३५ मीटरवरून, म्हणजे दहाबारा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडावे, तेवढा हा तडाखा. तिच्या कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. टेबलावर मावणाऱ्या यंत्राचे हे आकडे आहेत. ते नीट मनात ठसल्याशिवाय कोणी स्विचला हात लावू नये.

मग वेग वाढवत न्यावा, असे कोणालाही वाटेल. इथेच या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोम आहे. तबकडीला समोरासमोर दोन दात असतील तर १०,००० फेऱ्यांना एक दात गेल्यावर दुसरा यायला ३ मिलिसेकंद लागतात. रोबो सेकंदाला ३ मीटर वेगाने पुढे जात असेल तर तेवढ्या अवधीत शत्रू फार तर ९ मिलिमीटर आत येतो. दात त्याला तेवढाच चावू शकतो. दात एकच ठेवला, समोरच्या बाजूला फक्त तोल साधणारे वजन दिले, तर हाच चावा १८ मिलिमीटरचा होतो. वेग दुप्पट केला तर मात्र तो निम्मा होतो आणि तबकडी शत्रूला नुसती खरवडत राहते, ठिणग्या उडतात, ठोका बसत नाही. म्हणून जाणकार चालक फेरे मर्यादित ठेवतो आणि धडकेच्या क्षणी चाकांचा वेग वाढवतो. उभ्या तबकडीला आणखी एक खोड असते. वेगात वळले की भोवऱ्याच्या नियमाने रोबोची एक बाजू हवेत उचलली जाते, म्हणून तिची चाके शक्य तितकी दूर दूर ठेवतात.

मोटारीच्या वेष्टनावर लिहिलेला ‘केव्ही’ आकडा नवख्याला फसवतो. त्याचा किलोव्होल्टशी संबंध नाही. एका व्होल्टला मोकळी मोटार मिनिटाला किती फेरे घेते ते तो सांगतो. १,००० केव्हीची मोटार चार सेलच्या १४.८ व्होल्ट बॅटरीवर १४,८०० फेरे घेईल. मधे दीडास एक प्रमाणात पुली-बेल्ट घातला की तबकडीला दहा हजारांच्या आसपास मिळतात. बेल्ट घालण्यात दुसरा फायदा असा की धडकेचा झटका थेट मोटारीच्या शाफ्टला बसत नाही, बेल्ट घसरून तो पचवतो.

खारी हवा

किनारपट्टीवर रोबोचा पहिला शत्रू आखाड्यात नसतो. हवेतले मीठ आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस प्रत्येक स्क्रूपर्यंत पोचतात. अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घातले आणि मधे खारट ओल शिरली की अॅल्युमिनियम झिजू लागते, पांढरी भुकटी साचते आणि महिन्यादोन महिन्यांनी स्क्रू निघता निघत नाही. ट्रॉलरवर काम करणाऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. लोखंडी बोटीच्या तळाला जस्ताच्या वड्या याचसाठी लावतात, की गंजायचे ते जस्ताने गंजावे. रोबोत त्या जस्ताची जागा नकळत चौकट घेते. उपाय साधा आहे : स्क्रू कोरडा घालू नये, ग्रीस किंवा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावूनच घालावा. थ्रेडलॉक पॉलिकार्बोनेटला, म्हणजे सहज न फुटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकला, लागू देऊ नये, त्याने त्याला बारीक तडे जातात.

थ्रीडी प्रिंटर ज्या प्लास्टिकच्या तारेतून भाग छापतो तिची पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. नायलॉन आणि टीपीयू (रबरासारखे लवचीक प्लास्टिक) हवेतली ओल पितात; छापताना त्यातून तडतड आवाज येतो आणि थर एकमेकांना धरत नाहीत. दिसायला ठीक वाटणारा भाग पहिल्याच फटक्याला थराथराने सुटतो. तार घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी आणि छापण्यापूर्वी सुकवून घ्यावी.

बॅटरी लिथियम पॉलिमरची असते. एका सेलचा पूर्ण भार ४.२ व्होल्ट, खाली ३ व्होल्टच्या आत कधी उतरू देऊ नये, आणि महिनाभर वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवावी. फुगलेली, टोचलेली वा चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, ती कितीही महाग असली तरी. चार्जिंग नजरेसमोर, लाकडी माळ्याखाली नको, आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. ही वाळू समुद्रकिनाऱ्यावरची आणू नये; ती ओल धरते आणि तिच्यातले मीठ वीज वाहून नेते.

चाचणी

चाचणीचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही. सुरुवात वजनकाट्याने होते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, पण स्क्रू, वायर, टेप यांसह पूर्ण रोबो तोलावा. ज्यांनी कागदावर नेमके १५० ग्रॅम बसवलेले असतात त्यांचा रोबो प्रत्यक्षात हटकून जास्त भरतो.

नंतर चाके हवेत राहतील असा रोबो ठोकळ्यावर ठेवायचा, शस्त्राचा बेल्ट काढायचा आणि चाके फिरत असताना रिमोट बंद करायचा. चाके तत्काळ थांबली पाहिजेत. सिग्नल तुटल्यावरही जो रोबो आधीचाच हुकूम पाळत राहतो तो आखाड्यात घेत नाहीत, घरातही घेऊ नये. सुरू करताना आधी रिमोट, मग रोबो; बंद करताना आधी रोबो, मग रिमोट. हा क्रम हाताला सवयीचा व्हावा लागतो. आखाड्याबाहेर शस्त्रात अडकवलेली खीळ असलीच पाहिजे आणि ती शेवटच्या क्षणी निघते.

मग शस्त्राशिवाय तीन मिनिटे सलग चालवणे. अंगणात चालवायचे तर लाल मातीचे कण गिअरबॉक्समध्ये जातात, म्हणून पडवीची फरशी किंवा प्लायवुड बरे. थांबल्यावर मोटारींना बोट लावून पाहावे. चटका बसत असेल तर गिअरचे प्रमाण चुकले आहे. बॅटरी पुन्हा भरताना चार्जर किती मिलिअॅम्पियर-तास गेले ते दाखवतो. क्षमतेच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त गेले असतील तर शस्त्र जोडल्यावर ही बॅटरी पुरणार नाही. त्यानंतर रोबो बंद करून, बॅटरी काढून, कमरेइतक्या उंचीवरून सिमेंटवर टाकायचा. मनाला जड जाते, पण आतली सैल सोल्डर घरी सुटलेली बरी.

शस्त्राची चाचणी शेवटी, आणि एकट्याने कधीही नाही. आधी तोल : तबकडी शाफ्टवर घालून दोन पात्यांच्या धारेवर ठेवली तर जड बाजू आपसूक खाली येते; तिथले थोडे कानसून पुन्हा पाहायचे. तोल चुकलेली तबकडी वेगात रोबोला जमिनीवर थरथरवते आणि बेअरिंग खाते. फिरवण्यासाठी बंद पेटी लागते. भिंती पॉलिकार्बोनेटच्या असाव्यात, वर झाकण हवे. गोव्यात एक चांगली सोय सहज होते ती चिऱ्यांची. नऊ इंची जांभ्या दगडाच्या कोनाड्यात पेटी ठेवावी आणि पाहण्यासाठी तोंड आत न घालता फोनचा कॅमेरा लावावा. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा तरीही हवाच. तबकडीच्या पातळीत कोणी उभे राहायचे नाही, कारण दात सुटला तर तो त्याच रेषेत जातो. पहिल्यांदा पाव वेग, थांबवून सगळे स्क्रू पुन्हा आवळणे, मग अर्धा, मग पूर्ण. वीज तोडल्यावर शस्त्र साठ सेकंदांत थांबले पाहिजे, असा अनेक स्पर्धांचा नियम आहे. ते घड्याळ लावून मोजावे.

ठोका तपासण्यासाठी मऊ लाकडाचा तुकडा आधी, फणसाच्या लाकडासारखे घट्ट काही नंतर, अॅल्युमिनियम सर्वांत शेवटी. नारळ फोडून दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, काथ्याचे धागे शाफ्टभोवती गुंडाळले जातात आणि मोटार जळते. प्रत्येक ठोक्यानंतर रोबो उघडायचा. भोके लांबट झाली का, बेल्टची कड उसवली का, वायर कुठे घासते आहे का, हे वहीत तारखेसह लिहायचे. दहा ठोक्यांनंतर वहीत एकच दोष पुन्हा पुन्हा दिसू लागला की तो भाग बदलून आराखडाच सुधारावा लागतो.

स्पर्धा बहुतेक राज्याबाहेर असल्यामुळे प्रवासाचीही तयारी लागते. विमानाने जायचे तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या टोके झाकून हातातल्या पिशवीत न्याव्या लागतात. आकाराने मोठा रोबो कोकण रेल्वेने नेणे सोयीचे. सोबत रोबोइतक्याच वजनाचे सुटे भाग असावेत : चाके, बेल्ट, एक जादा तबकडी, स्क्रूंचा डबा. दोन सामन्यांमधल्या थोड्या वेळात उघडून, बदलून, पुन्हा मिटता येईल असाच रोबो बांधावा, आणि तो वेळही आधी घरी घड्याळ लावून मोजावा.