औषधाचं सारण, मेदाची पारी

अॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीविरोधी औषधाच्या दोन तऱ्हेच्या कुप्या मिळतात. दोन्हींत ५० मिलिग्रॅम औषध, दोन्हींत पिवळसर भुकटी. पण एकीचा डोस दिवसाला किलोमागे फार तर दीड मिलिग्रॅम आणि दुसरीचा तीन ते पाच. नावात फरक एकाच शब्दाचा, ‘लिपोसोमल’. साधी कुपी लिपोसोमलच्या हिशेबाने दिली गेली तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून चिठ्ठीवर तो शब्द पूर्ण लिहिलेला आहे ना, हे पाहणं नातेवाइकांचंही काम आहे. मे २०२१ मध्ये गुजरात सरकारने म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, हा साथीचा रोग जाहीर केला, तेव्हा ज्या इंजेक्शनचा तुटवडा पडला ते हेच लिपोसोमल. साध्या औषधाने बुरशी मरते, पण मूत्रपिंडंही भरडली जातात. औषधाचा रेणू दोन्हीकडे तोच. बदललं आहे ते त्याचं पॅकिंग.

हे पॅकिंग फॉस्फोलिपिडचं असतं. अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये भरपूर असणाऱ्या या मेदाच्या रेणूला पाण्याची आवड असलेलं डोकं आणि पाण्याला टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. पाण्यात पडले की हे रेणू शेपटीला शेपटी लावून दुहेरी थर करतात आणि थराच्या कडा पाण्यात उघड्या राहू नयेत म्हणून तो वळून बंद गोळा होतो. हाच लिपोसोम. आपल्या पेशींचं आवरण याच पद्धतीचं आहे. केंब्रिजजवळच्या बेब्रहॅम इथे अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात हे गोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ते पेशीच्या आवरणाचा अभ्यास करताना. औषधं भरायची कल्पना नंतरची.

उकडीचा मोदक डोळ्यांपुढे आणा. पाण्यात विरघळणारं औषध सारणासारखं आत बसतं. मेदात मिसळणारं औषध पिठातल्या मोहनासारखं पारीतच मुरतं. अॅम्फोटेरिसिन हे पारीतलं औषध. एरवी ते बुरशीच्या अर्गोस्टेरॉलबरोबर आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही चिकटतं. लिपोसोमच्या भिंतीत ते घट्ट धरून ठेवलेलं असल्याने वाटेत कमी सुटतं आणि मूत्रपिंडं बरीच वाचतात. मोदकाची उपमा आकारापाशी मात्र संपते, कारण औषधी लिपोसोमचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर आणि भिंत जेमतेम पाच नॅनोमीटरची. केसाच्या जाडीत असे आठशे गोळे ओळीने बसतील.

प्रयोगशाळेत ते करणं अवघड नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फार्मसी विभागात या विषयावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. सुरुवातीची पायरी जगभर सारखीच. गोल बुडाच्या फ्लास्कात फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवायचं आणि फ्लास्क रोटरी इव्हॅपोरेटरवर निर्वातात फिरत ठेवायचा. द्रावक उडतो, काचेला आतून पातळ पापुद्रा धरतो. लहान फ्लास्कात जास्त माल घेतला तर पापुद्रा जाड होतो, त्याच्या तळापर्यंत पाणी पोचत नाही आणि गुठळ्या राहतात. म्हणून फ्लास्क मोठा घ्यायचा, आणि उरलासुरला क्लोरोफॉर्म जावा म्हणून तो रात्रभर निर्वातात ठेवायचा. मग कोमट किंवा गरम पाणी घालून फिरवलं की पापुद्रा सुटून दुधाळ द्रव होतो. त्यात कांद्यासारखे थरावर थर असलेले, लहानमोठे गोळे असतात. ते ४००, मग २००, मग १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यांतून दाबाने दहाएक वेळा ढकलले की एकसारखे होतात.

किती गरम, हा प्रश्न मात्र कळीचा. प्रत्येक फॉस्फोलिपिडचं एक तापमान असतं, ज्याच्या खाली थर थिजलेल्या तुपासारखा ताठ राहतो आणि वर सैल होतो. डीपीपीसी या मेदाचं ४१ अंश सेल्सियस, डीएसपीसीचं ५५. त्याच्या खाली काम केलं तर पापुद्रा नीट सुटत नाही आणि पडदा तुंबतो किंवा फाटतो. डीपीपीसीचे ४१ अंश म्हणजे बडोद्यातली मे महिन्याची दुपार. ट्यूमर तेवढाच तापवून तिथेच औषध सांडवण्याचा प्रयत्न याच गुणावर उभा होता. यकृताच्या कर्करोगावरची त्याची मोठी चाचणी २०१३ मध्ये अपयशी ठरली.

गोळे तयार झाले की खरी पंचाईत सुरू होते, ती भरण्याची. एक मिलिलिटर पाण्यात दहा मिलिग्रॅम मेद घेतला आणि सगळे गोळे १०० नॅनोमीटरचे झाले असं धरून हिशेब केला, तर गोळ्यांच्या पोटात एकूण पाण्यापैकी साडेतीन टक्केच मावतं. म्हणजे औषध नुसतं पाण्यात विरघळवून ठेवलं, तर शंभरातले साडेशहाण्णव भाग बाहेरच. महागडं औषध असं ओतून देणं कोणत्याच कारखान्याला परवडणार नाही.

यावरची युक्ती जेरुसलेममध्ये येहेझकेल बारेनहोल्झ आणि सहकाऱ्यांनी काढली, आणि या क्षेत्रातलं इतकं देखणं रसायन दुसरं नाही. गोळे करतानाच आत अमोनियम सल्फेटचं द्रावण भरायचं. मग बाहेरचं अमोनियम सल्फेट धुऊन काढायचं. आतून अमोनिया भिंतीतून निसटतो, पण त्याने सोडलेला हायड्रोजन आयन आत अडकतो, त्यामुळे आतलं पाणी आम्लधर्मी होतं. आता बाहेर डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध घालून साठ अंशांच्या आसपास गरम करायचं. विद्युतभार नसलेला त्याचा रेणू भिंत ओलांडतो, आत गेल्यावर हायड्रोजन आयन उचलतो आणि भारित झाल्याने परत येऊ शकत नाही. वर सल्फेटशी जुळून त्याचे स्फटिक होतात. तासाभरात नव्वद टक्क्यांहून जास्त औषध आत. दरवाजा उघडाच असतो, औषध स्वतःच्या पायाने येऊन अडकतं. धुणं अर्धवट राहिलं तर आतबाहेर फरकच उरत नाही आणि गोळे रिकामेच राहतात. भरणी फसली की आधी तिथेच पाहावं.

तयार मालाला ऑटोक्लेव्हमधल्या, म्हणजे निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यातल्या, १२१ अंशांची उष्णता सोसत नाही. मेद तुटतो, औषध गळतं. म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून निर्जंतुक करतात.

या पद्धतीचं पहिलं औषध डॉक्सिल, म्हणजे लिपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं. २०१२ मध्ये तिथे त्याची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकी औषध प्रशासनाने सन फार्माचं लिपोडॉक्स हे तसंच औषध आयात करू दिलं आणि पुढच्या वर्षी याच कंपनीच्या जेनेरिकला मंजुरी दिली. या कंपनीचं एक मोठं संशोधन केंद्र बडोद्यात आहे.

शिरेतून गेल्यावर यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी लिपोसोमना परकं समजून गिळतात. ते लांबवण्यासाठी पृष्ठभागावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे केसाळ धागे लावतात. साधं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून ऊतींमध्ये उतरतं. लिपोसोममधल्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ५५ तास लागतात. हृदयातल्या रक्तवाहिन्या घट्ट विणीच्या असल्याने गोळे तिथे फारसे झिरपत नाहीत, त्यामुळे हृदयाला धोका कमी. ट्यूमरमधल्या वाहिन्या विरळ विणीच्या, तिथे ते झिरपतात. पण ‘औषध थेट गाठीवर’ अशा जाहिराती वाचून हुरळू नये. नॅनोकणांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये झालेला आढावा सांगतो की टोचलेल्या डोसपैकी मध्यक ०.७ टक्का गाठीत पोचतो. शिवाय इतका वेळ फिरणारं औषध तळहात-तळपायांच्या त्वचेत उतरतं. तिथे लाली, जळजळ, सोलवटणं हा त्रास अनेक रुग्णांना होतो. उपचाराच्या दिवसांत घट्ट चपला आणि गरम पाणी टाळायला सांगतात ते यासाठी.

भक्षक पेशींनी गिळणं नेहमीच तोट्याचं नसतं. काला आजाराचा परजीवी याच पेशींत राहतो, त्यामुळे लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन आपोआप त्याच्या घरी पोचतं. किलोमागे दहा मिलिग्रॅमचा एकच डोस भारताच्या काला आजार कार्यक्रमात वापरला जातो. लसीतही तेच हवं असतं. प्रतिकारयंत्रणेने लक्ष द्यावं, गिळावं, खळबळ करावी. १९७४ मध्येच ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि अँथनी अॅलिसन यांनी घटसर्पाचं टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेलं जंतूचं विष) लिपोसोममधून उंदरांना देऊन प्रतिपिंडं वाढतात हे दाखवलं. नागिणीच्या शिंग्रिक्स लसीत विषाणूच्या प्रथिनाबरोबर लिपोसोम असतात आणि त्यांत प्रतिकारयंत्रणेला चेतवणारे दोन घटक, प्रत्येकी ५० मायक्रोग्रॅम. त्यातला क्यूएस-२१ हा चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतो आणि मोकळा दिला तर पेशी फोडतो. लिपोसोममधलं कोलेस्टेरॉल त्याला बांधून ठेवतं. कोविडच्या एमआरएनए लसींतले कण मात्र लिपोसोम नव्हेत. त्यांच्या पोटात पाण्याची पोकळी नसते, मेद आणि आरएनए एकमेकांत गुंतलेले असतात.

रुग्णालयात चुका होतात त्या अगदी साध्या. लिपोडॉक्सचा द्रव लाल आणि किंचित धुरकट असतो, पारदर्शक नाही म्हणून तो खराब नव्हे. त्याला इन-लाइन फिल्टर, म्हणजे नळीत बसवायची गाळणी, लावायचा नाही, आणि सुरुवात मिनिटाला एक मिलिग्रॅम या वेगाने, कारण पहिल्या वेळी दम लागणं, चेहरा लाल होणं अशी प्रतिक्रिया साधारण दहात एकाला येते. लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनच्या कुपीत १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणीच घालायचं आणि निदान तीस सेकंद जोरात हलवायचं. पुढे दोन्ही औषधं पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायची. अॅम्फोटेरिसिन सलाईनमध्ये पडलं तर साका बसतो. आधीच्या सलाईनची नळीही डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यावी लागते.

लिपोडॉक्स २ ते ८ अंशांत ठेवायचं. दुकानातून घरी नेताना उन्हाची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून कुपी थेट बर्फाच्या पॅकवर ठेवली जाते किंवा घरी फ्रीझरमध्ये. हेही टाळायला हवं. बर्फाचे स्फटिक भिंती फोडू शकतात, औषध बाहेर येऊ शकतं, आणि वितळल्यावर कुपी पूर्वीसारखीच लाल दिसू शकते. बर्फ आणि कुपी यांच्यात टॉवेलची घडी ठेवावी, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावी, आणि गोठल्याची शंका आली तर डॉक्टरांना सांगून बाजूला काढावी.