स्टॉकहोम: तीन दिवस, तीन बेटं आणि दुपारचं जेवण

नमस्कार मंडळी,

स्टॉकहोमचं बुकिंग झालं की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. एक, "तीन दिवसांत सगळं पाहून होईल ना?" दुसरा, जरा दबक्या आवाजात, "आम्ही शाकाहारी, तिथे आमचं कसं होणार?" हे पत्रक त्या दोन प्रश्नांसाठी काढलं आहे. सगळं पाहायच्या मागे लागू नका, दिवसाला एक बेट घ्या. आणि पोटभर जेवण दुपारी करा, रात्री हलकं. एवढं सांभाळलंत तर सहल सुखाची होते आणि खिशालाही चटका बसत नाही.

हे शहर 14 बेटांवर वसलेलं आहे. मेलारेन सरोवराचं गोडं पाणी बाल्टिक समुद्राला मिळतं, बरोबर त्या तोंडावर. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला पूल आहेत, भुयारी रेल्वे आहे, फेरीबोटही आहे. नकाशात सगळं हाताशी दिसतं, पण एका दिवसात चार बेटं केली की संध्याकाळी फक्त पाय आठवतात.

आधी जेवणाचं

स्वीडनमध्ये 'दागेन्स लुन्च' म्हणजे आजचं जेवण. सोमवार ते शुक्रवार, साधारण 11 ते 2 या वेळात बहुतेक उपाहारगृहांत मिळतं. दाराशी फळ्यावर दोन-तीन पदार्थ लिहिलेले असतात, त्यातला एक बहुतेक ठिकाणी शाकाहारी असतो. एकदाच पैसे भरायचे, ताट घ्यायचं. सॅलड, पाव, लोणी, पाणी आणि शेवटची कॉफी बहुतेक ठिकाणी त्यातच येते. साधारण 130 ते 170 क्रोनर धरा (1 क्रोनर म्हणजे अंदाजे 9-10 रुपये). रात्री त्याच स्वयंपाकघरातला एक पदार्थ याहून बराच महाग पडतो, आणि सॅलड-कॉफी वेगळी. कचेऱ्यांतली माणसं 12च्या ठोक्याला येतात, म्हणून आम्ही गटाला साडेअकरालाच टेबलावर बसवतो. शनिवार-रविवारी ही सोय सहसा नसते. म्हणून जमेल तिथे मुक्कामाचे दिवस आम्ही आठवड्याच्या मधले घेतो. तिकीट चार पैशांनी महाग पडलं तरी जेवणात भरून निघतं.

शाकाहाऱ्यांनी 'वेगेतारिस्क' हा एक शब्द पाठ करावा. त्यात दूध, अंडं, चीज चालतं. अंडं-दूधही नको असेल तर 'वेगान्स्क' म्हणावं. तिथली माणसं हे शांतपणे ऐकून घेतात, तोंड वाकडं करत नाहीत, उलट आत जाऊन विचारून येतात. तरीही एक सावधगिरी. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि मागून जॅम घातलेली पॅनकेक, असा जुना रिवाज आहे. दिसायला ते सूप आपल्या वरणासारखं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. आमच्या एका गटातल्या काकूंनी एका ठिकाणी न विचारता वाटी घेतली आणि दुसऱ्या चमच्याला त्यांच्या लक्षात आलं. बिचाऱ्या दोन दिवस बाहेरचं खाईनात. तेव्हापासून 'मांस, मासे, अंडी, जिलेटीन नको' असं स्वीडिशमध्ये छापलेलं कार्ड आम्ही प्रत्येकाच्या हाती देतो. ते दाखवायला लाजू नका. प्रसिद्ध स्वीडिश मीटबॉलमध्येही बहुतेक वेळा गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र असतं, हे मांसाहारी मंडळींनीही आधीच लक्षात घ्यावं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. बाल्टिकमधला छोटा हेरिंग, तिथलं नाव 'स्ट्रॉमिंग', हा आपल्या तारली-पेडव्यांच्या कुळातला. राय (गव्हासारखं एक धान्य, आपली मोहरी नव्हे) याच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात आणि कुस्करलेला बटाटा किंवा रायच्या कुरकुरीत पावाबरोबर देतात. काटा मऊ असतो. कोकणातल्या माणसाला तो परका वाटत नाही, फक्त तिखटाची आठवण येते. पुडीत थोडी लसणीची चटणी बाळगा. बसून चांगलं खायचं असेल तर उस्तरमाल्म भागातली 1888 सालची लाल विटांची मंडई पाहा. मोठ्या दुरुस्तीनंतर ती 2020 मध्ये पुन्हा उघडली. महाग आहे, पण कोळंबी घातलेला 'टोस्ट स्कागेन' खाण्यासाठी एक दुपार तिथे द्यायला हरकत नाही.

पहिला दिवस: यूरगोर्डेन

स्लुसेनच्या धक्क्यावरून या बेटाला फेरीबोट जाते, शहराच्या बस-रेल्वेचं तिकीट तिथेही चालतं. दहाएक मिनिटांचा प्रवास आहे, पण तोच शहराची खरी ओळख करून देतो. डाव्या हाताला जुन्या गावाची उभी, पिवळी-तांबडी घरं मागे सरकत जातात.

इथलं वासा संग्रहालय आम्ही कुठल्याही गटाला चुकवू देत नाही. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने बांधून घेतलेली 'वासा' ही 64 तोफांची युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीला निघाली आणि साधारण 1300 मीटर जाऊन बंदरातच बुडाली. वरचा भार जास्त होता आणि तळातल्या दगडांचं वजन त्याला पुरेसं नव्हतं. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि खालच्या ओळीतल्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. त्याआधी तीस खलाशांना डेकवर या कडेकडून त्या कडेला पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलू लागलं की चाचणी थांबवावी लागली. तरीही ते निघालंच. 333 वर्षं तळाशी पडून राहिलेलं हे जहाज 24 एप्रिल 1961 रोजी वर काढलं. इतकी वर्षं लाकूड टिकलं, कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट आहे आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. कोकणात होडीला ज्या किडीपासून जपावं लागतं, तीच ही कीड.

आत पाऊल टाकलंत की क्षणभर काही कळत नाही. अंधुक उजेड आहे, गारवा आहे, आणि समोर 69 मीटर लांबीचं काळंभोर जहाज सबंध उभं आहे. घाईने वरच्या मजल्यावर जाऊ नका. आधी मागच्या बाजूला जाऊन खालून वर पाहा: लाकडात कोरलेले सिंह, शिपाई, देवदूत एकावर एक रचलेले आहेत. आज ते सगळे काळे दिसतात, पण मुळात भडक रंगवलेले होते. शेजारीच रंगवलेल्या नमुना-मूर्ती ठेवल्या आहेत, त्या पाहून पुन्हा जहाजाकडे या. दोन तास सहज जातात. अंगावर स्वेटर असू द्या.

दुपारी त्याच बेटावर रोसेन्दाल बागेत जा. ही शेती असलेली बाग आहे, तिथलंच पिकलेलं काचगृहातल्या कॅफेत वाढतात. ऊन असेल तर ताट घेऊन सफरचंदांच्या झाडांखाली बसता येतं. जवळच स्कान्सेन आहे, 1891 मध्ये आर्तुर हाझेलियस यांनी सुरू केलेलं जगातलं पहिलं खुलं संग्रहालय. देशभरातली जुनी घरं उचलून आणून इथे पुन्हा उभी केली आहेत. मुलं बरोबर असतील तर अस्वल आणि मूस हरणं आधी दाखवा, घरं नंतर.

दुसरा दिवस: गामला स्तान

हे जुनं गाव सकाळी नऊच्या आत पाहा. अकरानंतर क्रूझची माणसं येतात आणि गल्ल्यांत चालवत नाही. मोर्तेन त्रोत्सिग ही गल्ली सर्वात अरुंद जागी फक्त 90 सेंटिमीटर रुंद आहे, वर येणाऱ्याला जागा देण्यासाठी भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागे एक छोटं अंगण आहे. तिथे पंधरा सेंटिमीटरचा लोखंडी मुलगा गुडघे छातीशी घेऊन आकाशाकडे पाहत बसलेला आहे. येणारे-जाणारे त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, त्यामुळे डोकं गुळगुळीत झालं आहे. थंडीत कुणीतरी त्याला विणलेली टोपी आणि मफलर घालतं, पुढ्यात नाणी ठेवतं. इथे मोठ्या आवाजात बोलू नका. जागाच तशी आहे.

मुख्य चौकात नोबेल पारितोषिक संग्रहालय आहे. त्याच्या कॅफेतल्या खुर्च्यांच्या खालच्या बाजूला पारितोषिक विजेते सह्या करतात, खुर्ची उलटी करून पाहायला कुणी रागावत नाही. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी 2019 मध्ये धोतर नेसून पारितोषिक घ्यायला आले, ते याच शहरात. मेजवानी दरवर्षी 10 डिसेंबरला नगरभवनाच्या निळ्या दालनात होते. दालन निळं नाही, विटांचं आहे: वास्तुविशारद राग्नार उस्तबेरी यांना उघड्या विटांचा लाल रंग इतका आवडला की निळा द्यायचा बेत त्यांनी सोडला, नाव तेवढं राहिलं. वर सोनेरी दालनात सुमारे 1 कोटी 80 लाख काच-सोन्याचे तुकडे भिंतींवर जडवले आहेत. हे नगरभवन पलीकडच्या कुंग्सहोल्मेन बेटावर आहे. आमच्या 'एक बेट' नियमाला हा एकच अपवाद. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, तिकीट आम्ही आधी काढून ठेवतो.

तिसरा दिवस: सोदेरमाल्म, आणि कॉफी

सोदेरमाल्मच्या कड्यावर फ्येलगातान नावाचा रस्ता आहे. खाली पाणी, समोर सगळं शहर. इथेच 'हर्मान्स' हे पूर्ण वनस्पतीजन्य जेवणाचं बुफे उपाहारगृह आहे. एकदा पैसे भरा, हवं तितक्यांदा घ्या. आमच्या शाकाहारी मंडळींना आम्ही इथे नेतोच.

दुपार 'फीका'साठी राखून ठेवा. कॉफी, बरोबर काहीतरी गोड, आणि समोर बसून बोलणारं माणूस, एवढ्याला स्वीडिश लोक फीका म्हणतात. दालचिनीचा 'कानेलबुल्ले' जगभर गाजला, पण आमचं मत विचाराल तर वेलदोड्याचा 'कार्देमुम्माबुल्ले' घ्या. वेलदोडे जाडसर कुटलेले असतात, दाताखाली काळे कण येतात, वास थेट आपल्या दिवाळीच्या स्वयंपाकघरातला. हिवाळ्याअखेरीस गेलात तर 'सेम्ला' मिळेल: वेलदोड्याचा पाव, आत बदामाचं सारण, वर फेटलेली साय. डिसेंबरात केशराचे पिवळे पाव असतात. कुंग्सगातानवरचं 'वेते-कातेन' 1928 पासून चालू आहे, आत खोलीतून खोली निघत जाते, कोपऱ्यातलं टेबल शोधा. पुष्कळ दुकानांत दाराशी यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते. ती न घेता उभे राहिलात तर तुमचा नंबर येणारच नाही. अंडं अजिबात चालत नसेल तर पावावर अंड्याचा हात फिरवलेला असतो, आधी विचारा.

हॉटेलात परतताना भुयारी रेल्वेत टे-सेन्त्रालेन स्थानकावर निळ्या मार्गिकेच्या फलाटावर उतरा. खडक तसाच ठेवून त्यावर निळ्या वेली रंगवल्या आहेत. शंभर स्थानकांपैकी नव्वदाहून अधिक ठिकाणी अशी कला आहे, आणि ती प्रवासाच्या तिकिटातच पाहायला मिळते.

निघण्याआधी

रोख रक्कम फारशी नेऊ नका, कित्येक दुकानं ती घेतच नाहीत. परदेशात चालणारं कार्ड बँकेतून सुरू करून घ्या. नळाचं पाणी उत्तम असतं, रिकामी बाटली न्या. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी लागेल. डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा बाहेरचं सगळं सकाळी उरका. जूनअखेरीच्या मिडसमरला, म्हणजे 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारी, शहर जवळपास बंद असतं आणि माणसं गावाकडे गेलेली असतात. त्या तारखा कुणी मागितल्या तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

ज्येष्ठांनी आम्हाला गुडघ्यांबद्दल आधी सांगावं. जुन्या गावातला रस्ता दगडी गोट्यांचा आहे, मऊ तळव्याचे जुने, सरावाचे बूट घाला. औषधांची चिठ्ठी, चटणीची पुडी आणि आमचं स्वीडिश कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.