पार टाइम आला कुठून, आणि पुण्याच्या पावसात त्याचं काय होतं

पुण्यात रेसचा सीझन पावसाबरोबर येतो. जुलैत सुरू होतो, ऑक्टोबरपर्यंत चालतो, आणि मग घोडे, ट्रेनर, जॉकी, घोडे सांभाळणारे सायस असं सगळं बिऱ्हाड मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जातं. कॅम्पातला आपला रेसकोर्स १८३० सालचा, जागा लष्कराची, ११८.५ एकर. इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला यायचा, गणेशखिंडीत, म्हणजे आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे राहायचा, त्याच्यामागे सरकार, फौजेचे अधिकारी, शेठ लोक सगळेच यायचे, त्यामुळे पावसाळी रेस ही पुण्याचीच गोष्ट होऊन बसली. हे आधी सांगतोय कारण पार टाइमचा, म्हणजे एखाद्या रेसच्या विजेत्याला साधारण किती वेळ लागायला हवा त्या आकड्याचा, सगळा गुंता या पावसातच आहे.

माझे मामा रेसबुकाच्या कडेला पेन्सिलने प्रत्येक रेसचा विनिंग टाइम लिहून ठेवायचे. स्टँडमध्ये शेजारचा कोणी म्हणाला की "अहो हा घोडा मागच्या वेळेला बाराशेला एक-बारा मारून आलाय" (१२०० मीटर, एक मिनिट बारा सेकंद), तर मामा एवढंच विचारायचे, "कुठल्या दिवशी? आणि कोणाबरोबर?" मला तेव्हा वाटायचं ते मुद्दाम फाटे फोडतायत. पार टाइमचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की जगभर लोकांना हे दोन प्रश्न नीट मांडायला दीडशे वर्षं लागली.

सुरुवात घड्याळापासून. १८२१ साली पॅरिसमध्ये शां द मार्सच्या मैदानावर निकोला रिओसेक नावाच्या घड्याळजीने रेस मोजायचं एक यंत्र आणलं, घोडा पोचला की ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. त्याला नाव दिलं क्रोनोग्राफ, म्हणजे शब्दशः काळ लिहिणारा. पुढे हातातली स्टॉपवॉच आली. त्या काळातलं साधं यांत्रिक घड्याळ सेकंदाला पाच वेळा टिकटिक करायचं, म्हणून रेसचा टाइम सेकंदाच्या पाचव्या भागात मोजायची सवय पडली, आणि अमेरिकेत ती इतकी मुरली की तिथले सगळे जुने आकडे पंचमांशातच सापडतात. एक पंचमांश म्हणजे एक लेंथ (घोड्याच्या अंगाच्या लांबीएवढं अंतर) हा ढोबळ हिशोबही तिथूनच आला. (खरं तर १२०० मीटरला घोडा सेकंदाला साधारण १६-१७ मीटर पळतो, लेंथ २.४ मीटरची धरली तर ती ०.१५ सेकंदाच्या आसपास येते, म्हणजे पंचमांशाहून कमी. छोटा फरक आहे पण आठ-दहा लेंथला तो अंगावर येतो.)

पण टाइम मोजता आला म्हणून तो विश्वासाचा झाला असं नाही. झेंडा पाडून स्टार्ट द्यायचे तेव्हा कोण कुठून कधी निघाला याचा भरवसा नव्हता. कप्प्यांचं इलेक्ट्रिक स्टार्टिंग गेट क्ले प्युएटने १९३९ मध्ये आणलं, इंग्लंडात स्टॉल्स यायला १९६५ उजाडलं. इंग्रजांचा तसाही टाइमवर फारसा जीव नव्हता. त्यांचं हँडिकॅपिंग, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून रेस बरोबरीची करणं, वजनावर चालायचं, अॅडमिरल राउस १८५५ पासून तिकडचा सरकारमान्य म्हणावा असा हँडिकॅपर होता आणि वयाप्रमाणे वजनाचं कोष्टक त्याने बसवलं. आपल्याकडे आलं तेही तेच. आजही पुण्यात घोड्याच्या ताकदीला रेटिंगचा आकडा देतात आणि त्यावरून क्लास पाडतात, क्लास एक सगळ्यात वरचा. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो, क्लास तीनला ४० ते ६६ रेटिंगचे घोडे असले तर वरचा आणि खालचा यांच्यात २६ पॉइंट म्हणजे १३ किलोंचा फरक. या पद्धतीत घड्याळ लागतच नाही, कोण कोणाला किती लेंथने हरवून आला एवढं पुरतं. इंग्लंडचे कोर्सही चढउताराचे, गवताचे, कुठे डावीकडे वळणारे कुठे उजवीकडे, त्यामुळे टाइमची तुलना करणार तरी कशी. तिथे हे आधी करून दाखवलं फिल बुलने. यॉर्कशरचा, गणित शिकलेला, शाळेत मास्तर, टाइमचं विश्लेषण पोस्टाने विकायचा, आणि १९४८ मध्ये त्याने टाइमफॉर्म ही घोड्यांची रेटिंग छापणारी संस्था सुरू केली, जिच्या नावातच टाइम आहे.

अमेरिकेत मात्र मातीचे सपाट अंडाकृती ट्रॅक, जवळजवळ एकाच साच्यातले, आणि हाणामारीची पेस. तिथे टाइमला अर्थ होता. तिथलं रेसचं रोजचं पेपर, डेली रेसिंग फॉर्म, १८९४ पासून निघतंय, त्यात अनेक वर्षं दोन आकडे छापून यायचे. एक स्पीड रेटिंग: त्या ट्रॅकवर त्या अंतराचा सगळ्यात वेगवान टाइम म्हणजे १००, प्रत्येक पंचमांशाला एक पॉइंट वजा. दुसरा ट्रॅक व्हेरियंट: त्या दिवशीचे सगळे विजेते १०० च्या सरासरी किती खाली आले. व्हेरियंट मोठा असेल तर ट्रॅक जड, म्हणजे घोड्यांना हळू करणारा, होता असं समजायचं. म्हणजे मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कुठल्या दिवशी.

आता यातली खोट बघा, कारण पार टाइम जन्माला आला तो नेमका या खोटेतून. समजा शनिवारी सगळ्या रेस खालच्या क्लासच्या आहेत आणि रविवारी सगळ्या मोठ्या, ट्रॅक दोन्ही दिवशी अगदी सारखा. शनिवारचे विजेते रेकॉर्डच्या पुष्कळ मागे येणार, कारण ते घोडेच तेवढे. रविवारचे जवळ येणार. व्हेरियंट सांगणार की शनिवारी ट्रॅक जड होता, आणि त्या खोट्या जडपणाची भरपाई म्हणून शनिवारच्या साध्या घोड्याला फुकटचे पॉइंट मिळणार! ट्रॅक हळू होता की घोडे हळू होते, हे त्या आकड्याला कळतच नव्हतं. दुसरा प्रश्न, कोणाबरोबर, राहूनच गेला होता.

तोडगा ऐकायला अगदी साधा आहे. रेकॉर्डशी तुलना करू नका, त्या क्लासच्या, त्या अंतराच्या, साधारण विजेत्याला नॉर्मल ट्रॅकवर जेवढा वेळ लागतो त्याच्याशी करा. हाच पार टाइम. पार हा गोल्फमधलाच पार, चांगल्या खेळाडूला त्या होलला जेवढे फटके लागायला हवेत तेवढे. क्लास चारचा विजेता क्लास चारच्या पारशी मोजायचा, क्लास एकचा क्लास एकच्या. मग दिवसभराचे फरक एकत्र बघितले की जे उरतं तो खरा ट्रॅक.

हे सामान्य माणसापर्यंत नेलं अँड्रू बायरने. हार्वर्ड अर्धवट सोडलेला, पुढे वॉशिंग्टन पोस्टचा रेसिंग स्तंभलेखक, त्याचं १९७५ चं पुस्तक या विषयातलं वळण मानतात. त्याने आणखी एक गाठ सोडवली. सेकंदाच्या पाचव्या भागाची किंमत प्रत्येक अंतराला सारखी नसते, छोट्या रेसमध्ये ती जास्त, लांब रेसमध्ये कमी, म्हणून अंतराप्रमाणे पॉइंट वेगवेगळे हवेत. मग १९७९ मध्ये अॅडेल्फी विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक विल्यम क्विरिन, त्याने हजारो रेस कॉम्प्युटरवर घातल्या, आणि क्लासवार पार टाइमचे तक्ते हा प्रकार रूढ झाला. बायरचे घोड्यांच्या वेगाचे आकडे १९९२ पासून डेली रेसिंग फॉर्ममध्येच छापून यायला लागले, म्हणजे ज्या पेपरच्या आकड्यावर टीका करून ते उभे राहिले त्याच पेपरात. बायरने स्वतः पुढे नुसत्या पारवर भागवलं नाही, ओळखीचे घोडे त्या दिवशी किती पळायला हवे होते यावरून तो ट्रॅक काढायचा, आणि मला तेच जास्त पटतं, कारण एका क्लासमधल्या दोन रेस सारख्या ताकदीच्या असतात हे गृहीतच थोडं लंगडं आहे. पण ओळखीचे घोडे व्हायला आधी पारची वही लागतेच.

आता पुणे. नेटवर अमेरिकन पारचे तयार तक्ते मिळतात, ते इथे लावायचा मोह होतो, मलाही सुरुवातीला झाला. ते चालत नाही. तिकडे बऱ्याच ठिकाणी गेट उघडल्यावर घोडा थोडं अंतर पळून गेला की मगच घड्याळ सुरू होतं, त्या अंतराला रन-अप म्हणतात. शिवाय त्यांचा सहा फर्लांग म्हणजे १२०७ मीटर, आपला १२०० मीटर, सात मीटर म्हणजे ०.४ सेकंद, म्हणजे दोन-तीन लेंथ इथेच गेल्या. आपल्याही जुन्या रेसबुकातले फर्लांगातले टाइम आजच्या मीटरच्या रांगेत बसवायचे तर हाच हिशोब आधी करावा लागतो.

म्हणून पार इथलाच काढायचा, हाताने. एक अंतर घ्या, एक क्लास घ्या, दोन-तीन सीझनच्या त्या सगळ्या रेसचे विनिंग टाइम उतरवा, पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ-कडक आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग शेजारी लिहा, अगदी चिखलातल्या रेस बाजूला ठेवा, आणि सरासरी न काढता मधला आकडा घ्या, कारण एखादी रांगत गेलेली रेस सरासरी पार बिघडवते. वीसेक रेस तरी हव्यात. क्लास तीन १४०० ला तेवढ्या मिळतात, २८०० ला कुठून मिळणार, तिथे पारचा नाद सोडावा, इंडियन सेंट लेजर वर्षातून एकदाच असते. मग दिवसाचा हिशोब. समजा एका रविवारी १२०० च्या पाच रेस आपापल्या पारपेक्षा १.८, २.१, ०.६, २.४ आणि १.९ सेकंदांनी हळू झाल्या. मधला आकडा १.९, तो ट्रॅक. मग तिसऱ्या रेसचा विजेता पारपेक्षा ०.६ ने हळू दिसत असला तरी खरं तर तो पारपेक्षा १.३ सेकंद वेगवान पळालाय, आठ-नऊ लेंथ! पेपरातला टाइम बघून कोणी त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, कारण आकडा हळूच दिसतो. (अंतरं वेगवेगळी असतील तर फरक दर शंभर मीटरमागे काढायचा, नाहीतर २००० ची रेस सगळा हिशोब खाऊन टाकते.)

पुण्याच्या दोन अडचणी मात्र अमेरिकेतल्या लोकांना फारशा नव्हत्या. एक, तिसऱ्या रेसनंतर सर आली की दिवसाचे दोन ट्रॅक होतात, मग दिवसाचा एकच आकडा काढणं चूक, पावसाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन काढायचे, मग भले हाताशी तीन-तीनच रेस राहोत. फॉल्स रेल, म्हणजे ट्रॅकची आतली बाजू राखायला लावलेलं तात्पुरतं कुंपण, लावलेले असले तर वळणाला अंतर बदलतं, ते वेगळंच. दुसरी अडचण पेसची. गवतावर जॉकी लोक बऱ्याचदा सुरुवातीला घोडा धरून ठेवतात आणि शेवटच्या ६०० ला सोडतात. अशा रेसचा टाइम पारपेक्षा कितीही हळू आला तरी त्यावरून घोडा वाईट ठरत नाही. वेगवान टाइम घोड्याला पळाल्याशिवाय मिळत नाही, हळू टाइम मात्र कशानेही होतो, म्हणून मी पारपेक्षा वेगवान आकडे वहीत लाल शाईने लिहितो आणि हळू आकड्यांवरून कुठलाच घोडा बाद करत नाही.

सकाळच्या ट्रॅकवर्कचे (सरावाचे) आकडे, ८०० मीटरला ५३ सेकंद, ६०० ला ३९ वगैरे, लोक पारसारखे वापरतात, ते तर करूच नये. ते वाळूच्या ट्रॅकवरचे, वर कोण बसलंय, किती वजन, घोडा किती धरलाय, काहीच ठरलेलं नसतं. घोडा फिट आहे की नाही एवढंच त्यातून बघावं.

आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडून ट्रॅक कडक झाला की जुलैचा पार कामाचा राहत नाही. माझ्या वहीत आता प्रत्येक अंतराला दोन रकाने आहेत, गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरच्यात क्लास पाचच्या १००० मीटरला अजून अकराच रेस आहेत, तो पार पेन्सिलने लिहिलाय.