ज्येष्ठांसाठी मोफत आहारसल्ला: कुठे मिळतो, सोबत काय न्यायचं

साठी उलटली की जेवण कमी होतं, दात कुरकुरतात, त्यात साखर-बीपीच्या गोळ्या सुरू असतात. अशा वेळी कुणीतरी प्रोटीन पावडरचा महागडा डबा सुचवतं. तो आणण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अशी पावडर अपायकारक ठरू शकते.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम ६० वर्षांवरील सर्वांसाठी आहे, उत्पन्नाची अट नाही. या कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा, ग्रामीण रुग्णालयात दोनदा ज्येष्ठांची तपासणी ठरलेली आहे. वार प्रत्येक ठिकाणी वेगळा, म्हणून आशाताईंना आधी विचारा. आहारतज्ज्ञ बहुधा जिल्हा रुग्णालयातच भेटतात. तिथे केस पेपर काढून आधी डॉक्टरांना दाखवा आणि ‘आहारतज्ज्ञांकडे पाठवा’ असं स्वतःहून म्हणा. न मागता ही चिठ्ठी मिळेलच असं नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये या निर्णयात नाहीत, त्यामुळे तिथे शुल्क लागू शकतं.

आधार कार्ड आणि मोबाइल न्या. आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र) असेल तर उत्तम, पण ते ऐच्छिक आहे. खरे महत्त्वाचे कागद म्हणजे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं. ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ पोटॅशियम वाढवतं, आणि काही बीपीच्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं ठरतं. हे गोळ्या पाहिल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. घरात रोज भाकरी होते की पोळी, डाळ किती, दूध परवडतं का, हेही मोकळेपणाने सांगा. सल्ला मराठीत लिहून मागा.

प्रवास झेपत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्लासेवेवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. वाचणाऱ्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहार मार्गदर्शिका संकेतस्थळावर विनामूल्य आहे. तिच्या १७ सूचनांपैकी सोळावी खास वृद्धांसाठी आहे. सुनेने किंवा नातवाने ती वाचून दाखवावी.

यातलं काही अडलं तर ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.